कमांड जुळवून चालवण्याआधी

रात्रीच्या बॅकअपची आरसिंक (फायली कॉपी करणारी) कमांड स्क्रिप्टमध्येच जुळवायची आहे: कधी ड्राय रन (काहीही न बदलता नुसती तालीम), कधी एखादा फोल्डर वगळायचा, कधी वेगाला मर्यादा. लिहायला बसण्याआधी शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, कुठलं ते बघून घ्या. मॅकसोबत येणारं बॅश हे शेल ३.२ चं आहे. उबुंटूवर 'एसएच' म्हणजे डॅश हे दुसरं शेल, आणि त्यात ॲरेच (अनेक घटकांच्या याद्या) नाहीत. म्हणून पहिल्या ओळीत बॅश असं स्पष्ट लिहा.

मग चाचणीसाठी एक फोल्डर करा आणि त्यात मुद्दाम वाकडी नावं ठेवा. 'दिवाळी फोटो' असं जागा सोडलेलं, एक हायफनने सुरू होणारं, एक सेमीकोलननंतर टच कमांड (ती रिकामी फाइल बनवते) लिहिलेलं. लिनक्समध्ये फाइलच्या नावात स्लॅश आणि नल बाइट सोडून काहीही बसतं, नवी ओळसुद्धा.

आता मुख्य काम. अख्खी कमांड एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या एकाच सलग तुकड्यात, चिकटवू नका. व्हेरिएबल उलगडल्यावर बॅश मोकळ्या जागांवर तुकडे पाडतं, आणि स्ट्रिंगच्या आत लिहिलेली अवतरणचिन्हं तेव्हा नुसती अक्षरं असतात. 'दिवाळी' वेगळं, 'फोटो' वेगळं. इथेच हात ईव्हॅलकडे, म्हणजे स्ट्रिंगला कमांड म्हणून चालवणाऱ्या कमांडकडे, जातो. ईव्हॅल ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतं, त्यामुळे हे नाव बसतं खरं. पण दुसऱ्या नावातल्या सेमीकोलननंतरचं किंवा डॉलर-कंसातलंही कमांड म्हणून चालू शकतं. ज्याने फाइलला नाव दिलं, तो तुमच्या सर्व्हरवर हुकूम सोडतो! बाहेरून आलेलं नाव ईव्हॅलमध्ये जाणार असेल तर ती स्क्रिप्ट मी चालू देणार नाही. ॲरे घ्या. एक शब्द, एक घटक. लागतील तसे पर्याय जोडत जा, शेवटी ॲट चिन्ह लावून दुहेरी अवतरणांत उलगडा. नावांच्या आधी दोन हायफन हवेतच, नाहीतर हायफनने सुरू होणारं नाव पर्याय समजलं जातं.

सेट माइनस यू (न भरलेलं व्हेरिएबल वापरलं की स्क्रिप्ट थांबवणारी सोय) लावत असाल तर ४.४ च्या आधीच्या बॅशमध्ये रिकामा ॲरे उलगडताना स्क्रिप्ट थांबते. त्यात आधीच एक घटक, कमांडचं नाव, असू द्या. मूळ फोल्डरचं व्हेरिएबल रिकामं नाही ना, हेही तपासा, नाहीतर पुढे फक्त स्लॅश उरतो.

एसएसएचमधून (दूरच्या संगणकाशी जोडणारं साधन) कमांड पाठवायची असेल तर वेगळी काळजी: ते सगळे तुकडे जागा टाकून जोडतं आणि पलीकडचं शेल पुन्हा वाचतं. तिथे प्रत्येक तुकडा प्रिंटएफ या छापणाऱ्या कमांडच्या टक्का-क्यूमधून काढा; ते शेलला एकच शब्द वाटेल असं लिहून देतं. चालवण्याआधी ॲरे त्यातूनच छापून डोळ्यांखालून घाला. शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं साधन) फिरवा, मग चाचणीच्या फोल्डरवर ड्राय रन आणि त्यानंतर खरी फेरी. टचने बनणारी ती फाइल कुठे उगवली नाही ना, बघा. उगवली असेल तर आज रात्री बॅकअप लावू नका.