वॉटरप्रूफ बुटात पाय कोरडे आणि गरम कसे ठेवायचे (बेळगावहून बर्फात जाणाऱ्यांसाठी)

डिसेंबर लागला की गल्लीतलं कोणतरी पोरगं नवीन बुटाचा बॉक्स काखेत मारून दारात येतं. "दादा, उत्तराखंडात केदारकांठाच्या ट्रेकला चाललोय, वॉटरप्रूफ घेतलेत, आता पाय भिजायचं टेन्शनच नाही." बाहेरचं पाणी आत येत नाही हे खरं, खरं आतलं पाणी बाहेर कुठनं जायचं? (बेळगावकरांना दोन्ही 'खरं' कळतील, बाकीच्यांनी दुसऱ्याच्या जागी 'पण' वाचावं.)

आपली सवय चपलेची. अथणीची कोल्हापुरी आपल्याच जिल्ह्यात बनते, पहाटेची थंडी फार फार तर स्वेटर आणि कानटोपीची, त्यामुळं बंद बुटात दिवसभर पाय कोंडला की काय होतं हे आपल्याला गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीनला उतरून डोंगर चढायला लागल्यावरच कळतं. म्हणून हे आधी वाचा.

बूट संध्याकाळी घ्यायचा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा, आणि दुकानात जाताना जाड लोकरी मोजे खिशात न्यायचे. नाडी न बांधता पाय पुढं सरकवा, टाचेमागं एक बोट गेलं पाहिजे. दुकानदार म्हणेल "वापरून सैल होतंय," नाही होत.

मोजे लोकरीचेच. कॉटनचे घरी ठेवा, ते पाणी धरून बसतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा पिऊन घेते तरी हाताला ओली लागत नाही. आत एक पातळ, वर एक जाड, बस्स. तीन-तीन जोड घाला म्हणून सांगणाऱ्यांनी ते घालून कधी चार तास चाललेलं नसतं, बूट आवळतो, रक्त बोटापर्यंत पोचत नाही, मोज्यातली हवा दबून जाते आणि ऊब तर त्या हवेचीच असते. बोटं आत हलली पाहिजेत, हलत नसतील तर एक जोड काढा.

वरून बर्फ आत जाऊ नये म्हणून गेटर (बुटाच्या तोंडावरून पिंढरीपर्यंत बांधायचं कापडी कव्हर) बांधा, नाहीतर पँट बुटावरून खाली सोडा. बुटाच्या आत खोचलेली पँट म्हणजे नळीच.

आता मुख्य गोष्ट, घाम. मला हे पहिल्यांदा बर्फात नाही, जांबोटीकडं मामाच्या शेतात कळलं. रोप लावणीचे दिवस, पाऊस धो धो, मी शहाण्यासारखा गमबूट घालून बांधावरून रोपांच्या पेंढ्या वाहत होतो. दुपारी गमबूट काढला तर मोजा पिळून पाणी निघालं. मी म्हटलं बूट फुटलाय. मामांनी तो विहिरीवर नेला, पाण्यानं काठोकाठ भरला आणि लटकवून ठेवला, बाहेर एक थेंब नाही. "बूट बरा आहे रे, तूच गळालायस." मामा मराठा सेंटरमधनं फौजेत गेलेले, वर बर्फात दिवस काढलेले. त्यांचा एकच प्रश्न असायचा, संध्याकाळी जेवायच्या आधी, "पाय बघितलास काय?"

दोन्ही पायांत मिळून साधारण अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात. गमबुटातनं वाफ जातच नाही. महागड्या बुटातल्या गोअर-टेक्ससारख्या पडद्यातनं जाते, खरं बाहेरचं कापड किंवा चामडं ओलं होऊन बसलं की ती वाट जवळजवळ बंद होते. म्हणून ट्रेकच्या आधी बुटावर पाण्याचे थेंब टाकून बघा, गोळी होऊन घरंगळले तर ठीक, पसरून मुरले तर चिखल धुऊन काढा आणि वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारा. आणि ओल म्हणजेच गारठा, पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट जास्त उष्णता वाहून नेतं. चालताना कळत नाही, अंग तापलेलं असतं. थांबलात की दहा मिनिटांत बोटं गार.

मग करायचं काय? निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. हे कोणाला पटत नाही. सगळे कॅम्पमधनं जाड जॅकेट घालून गुरफटून निघतात आणि अर्ध्या तासात घामानं न्हातात. चढ सुरू व्हायच्या आधी जॅकेट काढा, थांबलात की लगेच घाला. पाय अंगाचं ऐकतो, अंग तापलं की पायाला घाम. दुसरं म्हणजे दुपारी मोजे बदला, भिजलेत असं वाटत नसलं तरी बदला. सगळे मॅगी खात असतात तेव्हा तुम्ही दगडावर बसून पाय पुसताय, हसू देत. काढलेले मोजे बनियन आणि शर्टाच्या मधे पोटाशी टाका, अंगाच्या उबेनं रात्रीपर्यंत बरेच वाळतात.

आणि रात्री बूट वाळवायचा, इथं मी तोंडावर पडलोय. पहिल्याच ट्रेकला संध्याकाळी बूट आतून दमट, कोणतरी म्हणालं शेगडीजवळ ठेव, ठेवले. पहाटे तीनला शिखरासाठी निघताना उजव्या बुटाचा सोल पुढनं मगरीसारखा उघडलेला. डिंक वितळला होता. सुतळीनं बांधून निघालो आणि अर्ध्यातनं परत आलो. त्यामुळं चूल, शेगडी, हीटर, गाडीचं सायलेन्सर, काहीही सांगू देत, नाही म्हणजे नाही. चामडं तडकतं, सोल सुटतो.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. नाडी पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, सुकतळा काढून वेगळा ठेवा (निम्मी ओल त्यातच असते, आणि तो काढायचं निम्म्या लोकांना माहीतच नसतं). आत पेपरचे बोळे कोंबा, तासाभरानं ओले बोळे काढून नवीन. मी घरनं निघताना जुना 'तरुण भारत' पिशवीत टाकतो, साधा पेपरच पाहिजे, गुळगुळीत पुरवणी पाणी पीत नाही. झोपताना सुकतळे स्लीपिंग बॅगमधे, बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायाशी, तंबूबाहेर ठेवलेत तर सकाळी लाकूड. झोपायचे मोजे वेगळे आणि ते घालून तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, लघवीला पण नाही.

पायाला प्लास्टिकची पिशवी बांधायचा सल्ला पण फार फिरतो. रोजच्या चालीला फालतू, लोकरी मोज्यावरून बांधलीत की सगळा घाम लोकरीत. बूट आधीच भिजलाय आणि कोरडा मोजा वाचवायचाय, तेवढ्यापुरती तास-दोन तास चालते.

रम पिऊन पाय गरम होतात हे खोटं. कातडीकडं रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आतली ऊब निघून जाते.

बोट बधिर झालं, पांढरं किंवा मेणासारखं दिसायला लागलं तर चोळू नका, बर्फानं तर अजिबातच नाही, आणि शेकू पण नका, कातडीला चटका कळत नाही. कोरडा मोजा घाला, लीडरला लगेच सांगा, खाली उतरा, डॉक्टरला दाखवा. आणि पाय बिघडायला बर्फच लागतो असं नाही, पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलात उभं राहून सैनिकांचे पाय सडायचे ते बर्फाशिवाय सुद्धा. 15-16 डिग्रीत पाय तासन्‌तास ओला राहिला तरी ते सडणं होतं, म्हणजे कणकुंबीच्या पावसात गमबूट घालून दिवस काढणाऱ्यांनी पण संध्याकाळी पाय बघायचे.

घरी आल्यावर बूट पलंगाखाली सारू नका, जूनमधे काढाल तेव्हा आत हिरवी बुरशी. सुकतळे काढून उघड्यावर, वाऱ्याच्या जागी ठेवा. आणि चार-पाच वर्षं पडून राहिलेला बूट असेल तर नेण्याआधी सोल हातानं वाकवून बघा, नुसता पडून पडून सुद्धा त्याचा भुगा होतो.