दाखल नोंदवही गूगल शीटवर आणताना

दाखल नोंदवही म्हणजे शाळेच्या ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद. ती शीटवर उतरवताना सुरुवात संदर्भग्रंथांच्या कपाटापासून नको, मुलं रोज मागतात त्या गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटापासून करा. रकाने सहाच ठेवा: दाखल क्रमांक (ग्रंथालयाने प्रत्येक प्रतीला दिलेला), शीर्षक, लेखक, विषय, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), कपाट. एका ओळीत एकच प्रत. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच ओळी.

टंकलेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरांत हवं. जुन्या फाँटमधली यादी तशीच चिकटवली तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात आणि शोध चालत नाही. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करा. आयएसबीएनचा रकाना भरण्यापूर्वी ‘प्लेन टेक्स्ट’ (साधा मजकूर) करा, नाहीतर दहा अंकी क्रमांकातलं सुरुवातीचं शून्य उडतं. जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतोच, म्हणून खरी ओळख दाखल क्रमांकाचीच.

विषयाचे शब्द आधी ठरवून ‘ड्रॉपडाउन’ (निवडायची तयार यादी) लावा. एकाने ‘शाहू महाराज’, दुसऱ्याने ‘राजर्षी शाहू’ लिहिलं की अर्धी पुस्तकं शोधातून निसटतात. कोल्हापुरातल्या शाळेत पन्हाळा, रंकाळा, कुस्ती यांसाठी ‘स्थानिक इतिहास’ हा वेगळा विषय हवाच. प्रकल्पाच्या दिवसांत तोच सर्वाधिक लागतो.

देवघेवीची नोंद मात्र पूर्ण वेगळ्या फाइलमध्ये. त्याच फाइलमधलं लपवलेलं पानही फाइलची प्रत काढणाऱ्याला उघडता येतं, आणि मुलांची नावं बाहेर जाता कामा नयेत. यादीची लिंक ‘व्ह्यूअर’ (फक्त पाहण्यापुरती) म्हणून द्या, तिचा क्यूआर कोड ग्रंथालयाच्या दारावर चिकटवा.