कमी बजेटमध्ये जुन्या फ्लॅटचं काम काढताय? मग या चुका टाळा

जुना वन बीएचके, बिल्डिंग पंचवीस-तीस वर्षांची, हातात मोजके पैसे आणि दिवाळीच्या आत सगळं उरकायचंय, असं असलं की बरेच जण पहिलं काम काय करतात तर मोबाइलवर हॉलच्या सीलिंगचे आणि टीव्ही युनिटचे फोटो सेव्ह करत बसतात. गणित तिथंच बिघडतं. पीओपी, टीव्ही युनिट, वॉलपेपर हे सगळं नंतर जमेल तसं करता येतं हो, पण भिंतीतली पाइपलाइन, वायरिंग आणि लादीखालचं वॉटरप्रूफिंग नंतर करायचं म्हणजे आत्ता केलेलं परत फोडायचं, परत राडारोडा उचलायचा आणि परत गवंड्याच्या मागे लागायचं. बजेट कमी असेल तर आधी पाणी आणि वायर, बाकी सगळं नंतर.

ओल शोधायच्या आधीच रंग

ही सगळ्यात कॉमन चूक. भिंतीला पापुद्रे सुटलेत, मीठ फुटलंय, पेंटर म्हणतो "डॅम्पप्रूफ मारतो साहेब, टेन्शन नका घेऊ", आणि पुढच्या पावसाळ्यात तोच डाग तिथंच परत. ओल कुठून येतेय हे आधी बघा ना. फक्त पावसाळ्यातच येत असेल आणि भिंत बाहेरची असेल तर बाहेरच्या प्लास्टरला तडे गेलेले असणार, आतून कितीही केमिकल मारा, थांबणार नाही. बाथरूमच्या मागच्या भिंतीला खाली स्कर्टिंगच्या वर फूटभर बारा महिने ओल असेल तर बाथरूमचे जॉइंट किंवा पाइप. आता या दोघांतलं कोण हे कळायला एक साधा उपाय, बाहेरगावी जाणार असाल तेव्हा घरात येणाऱ्या लाइनचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून जा पण जाण्याआधी ओलीच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारून ठेवा. पाइप गळत असेल तर तो लाइन भरलेली असेपर्यंत बाथरूम वापरा न वापरा गळतच राहतो, त्यामुळे आल्यावर ओल रेघेच्या आत सरकलेली दिसली तर बाथरूम वापरायला सुरुवात करा पण व्हॉल्व्ह बंदच ठेवून, बादलीनं. काही दिवसांत ओल परत रेघेपर्यंत आली तर लादीच्या जॉइंटमधनं किंवा ड्रेनेजमधनं झिरपतंय, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावरच आली तर पाइप.

जॉइंटच निघाले तर लगेच बाथरूम फोडायची गरज नसते. जुनं ग्राउट (टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं तरी बऱ्याचदा काम भागतं आणि खर्च अगदीच थोडा. टॉप फ्लोअरवाल्यांनी तर खिशात हात घालायच्या आधी सोसायटीला लेखी पत्र द्या, कारण महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) गच्चीतून येणारी गळती आणि त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याच्या सीलिंगचं प्लास्टर हा सोसायटीचा खर्च आहे. लोक हे गुपचूप स्वतःच्या पैशानं करतात आणि मग बजेट पुरत नाही म्हणतात.

बाथरूममध्ये अर्धवट बचत

भिंतीतली जुनी जीआय (लोखंडी) लाइन तशीच ठेवून वर नवीन चकाचक नळ लावणं ही बचत नाहीये. फोडलंच आहे तर पूर्ण लाइन सीपीव्हीसी (गरम पाणीही चालणारा प्लास्टिक पाइप) करून घ्या, आणि टाइल्स लागायच्या आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबानं पाणी भरून लाइन गळते का ते बघायचं. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरून किमान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन बघून यायचं. गवंडी घाई करतो, त्याला दुसरी साइट असते, करू दे. आणि पाइप झाकायच्या आधी शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा, उद्या टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना आठवण येईल.

लादी न फोडता वर लादी

तोडफोडीचा आणि राडारोड्याचा खर्च वाचतो, त्यामुळे आयडिया वाईट नाही. पण आधी सगळी जुनी लादी नाण्यानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढी काढावीच लागेल. नवीन लेव्हल साधारण अर्धा इंच तरी वर येते, मग दरवाजे खालून कापा आणि बाल्कनीचा उंबरा बघा, नाहीतर पावसाचं पाणी थेट हॉलमध्ये.

टाइल्स मोजताना पण लोक फसतात. "दोन बाय दोन" म्हणतात ती असते ६०० बाय ६०० मिलिमीटर, म्हणजे ४ नगांचा बॉक्स १६ नाही, १५.५ स्क्वेअर फूट. ४०० फुटांना २५ नाही, २६ बॉक्स लागतात आणि वर तुटफुटीचे दोन-तीन वेगळे. हे बॉक्स एकदमच आणा, बॅच नंबर बघून, कारण नंतर तोच शेड मिळेल याची गॅरंटी दुकानदारसुद्धा देत नाही.

सुताराचं माप

रेट ऐकून खूश होऊ नका, माप कसं धरणार ते विचारा. ७ बाय ७ चं कपाट म्हणजे ४९ फूट, पण लॉफ्ट वेगळा, आतले ड्रॉवर वेगळे, बिजागऱ्या-चॅनेल कुणाचे, हे आधी लिहून घेतलं नाही की शेवटच्या बिलात "एक्स्ट्रा" नावाचा राक्षस निघतो. ओट्याखाली आणि सिंकजवळ आयएस ७१० शिक्क्याचाच (मरीन) प्लाय, बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ चालतो. सगळीकडे महागडा मरीन लावायला सांगणाऱ्याचं ऐकायची काही गरज नाही.

वायरिंगचं थोडक्यात: लाइटला १.५, प्लगला २.५, एसी-गीझरला ४ स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी लाइन आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच). स्विच साधे घेतले तरी चालतील.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा हप्ता चांगला दहा-पंधरा टक्क्यांचा हातात ठेवा. गीझर चालू करून, सगळे नळ एकदम सोडून, नहाणीकडे पाणी नीट वाहतंय का बघून, राडारोडा खाली उतरल्यावर आणि सोसायटीनं घेतलेलं डिपॉझिट परत मिळाल्यावरच तो द्यायचा. मिस्त्री कुरकुर करेल, तरी.