केंडो स्पर्धेला निघण्याआधी: नावांची यादी आधी, बाकी सगळं नंतर

मागच्या वेळी केंडोची, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळायच्या जपानी खेळाची स्पर्धा संपवून पुण्याहून परतताना मी एसटीत बसून आठवणीतून निकाल लिहिला. पुढे घाटात रेंज जाईल म्हणून शिरवळलाच घाईघाईने बातमी पाठवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात भलत्याच मुलीचं नाव छापून आलं. चूक पेपरची नव्हती, मीच तसं लिहून दिलं होतं. आता पुन्हा मुलं स्पर्धेला निघतील आणि यंदा सोबत दुसरं कुणीतरी जाईल. बातमीचं काम ज्याच्याकडे येईल त्याने हे निघण्याच्या निदान आठ दिवस आधी वाचावं. आदल्या रात्री वाचून उपयोग नाही.

पहिली तयारी नावांच्या यादीची. प्रत्येक मुलाचं शाळेच्या दाखल्यावर आहे तसं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा आईचं नाव, इयत्ता, शाळा, गाव आणि वयोगट. ही यादी मराठीतही हवी आणि इंग्रजीतही. आयोजकांचा तक्ता इंग्रजीत असतो, आणि त्यावरून मराठी नाव लावायला गेलं की काळेचं काले होतं, मानेचं मने होतं, रमाचा राम होतो. यादी लिहून झाली की पालकांना दाखवा आणि ज्याच्या त्याच्या नावापुढे त्यांची सही घ्या. फोनवर विचारून लिहू नका, ऱ्हस्व-दीर्घ फोनवर कळत नाही. यादीच्या दोन प्रती काढा. एक तुमच्या पिशवीत, दुसरी सरांकडे.

यादीवर एवढा जोर का, ते सांगते. केंडोत खेळाडूचा चेहरा दिसत नाही. मेन, म्हणजे जाळीचं शिरस्त्राण, चढवलं की जाळीमागे कोण आहे हे मैदानाच्या कडेवरून आईलासुद्धा ओळखता येत नाही. ओळख असते ती कमरेला बांधतात त्या ‘तारे’ नावाच्या कवचाच्या पुढच्या पट्टीला चढवलेल्या झेक्केनची, म्हणजे कापडी नावपट्टीची, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त आडनाव. पाठीमागून तर तेही नाही, नुसती लाल किंवा पांढरी फीत. आमच्याकडे एकाच वयोगटात दोन जाधव होत्या. नात्यातल्या नाहीत. एक सातवीत, दुसरी आठवीत, उंची जवळजवळ सारखी. धाकटीने उपांत्य फेरी गाठली. तिचा तो कोते, म्हणजे मनगटावरचा फटका, मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. समोरचीने मेन, म्हणजे डोक्यावरचा फटका, मारायला हात उचलले, मनगट उघडं पडलं आणि त्याच क्षणी हिची शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, तिथे पोहोचली होती. तिन्ही पंचांचे झेंडे एकदम वर गेले. मी टाळ्या वाजवल्या आणि वहीत लिहिलं, ‘जाधव, कोते.’ एवढंच. रात्री एसटीत त्या ‘जाधव’पुढे मी थोरलीचं नाव जोडलं.

पेपर शाळेत गेला. परिपाठाच्या वेळी थोरलीला पुढे बोलावलं, ती नाही नाही म्हणत असताना सत्कार झाला, आणि धाकटी रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. दुरुस्ती छापून आली ती तीन दिवसांनी, आतल्या पानावर चार ओळींत. धाकटीच्या आजीने आळीत वाटायला राजवाड्यावरून कंदी पेढे आणून ठेवले होते. मी घरी माफी मागायला गेले तेव्हा तो पुडा फळीवर तसाच होता, दोरासुद्धा सोडलेला नव्हता. आजी मला काही बोलली नाही. पाणी दिलं, चहा टाकला. ते मला अजून बोचतं.

आपल्या जिल्ह्यात तरी ही चूक व्हायला नको होती. गोळेश्वरच्या खाशाबांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक आणलं, त्यांना सगळं जग के. डी. जाधव म्हणतं. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजी खेळला. साताऱ्यात नुसतं ‘जाधव’ म्हणून कोण कळणार? पवार, शिंदे, कदम, मोहिते यांचंही तेच. आडनाव म्हणजे नाव नव्हे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

म्हणून दुसरी तयारी झेक्केनची. एकाच आडनावाची दोन मुलं असतील तर आडनावाखाली छोट्या अक्षरांत पहिलं नाव शिवून घ्या. नुसतं आद्याक्षर चालणार नाही, आमच्या दोघींचीही नावं ‘स’नेच सुरू होतात. आयोजकांना एक फोन करून एवढं चालेल का विचारा, शक्यतो कुणी अडवत नाही. शिंप्याकडे आठ दिवस आधी द्या. लग्नसराईत त्याहूनही आधी, तेव्हा तो चार दिवसांचं काम दहा दिवसांवर नेतो. आणि शिवून आलं की अक्षरं यादीशी ताडून बघा. हो, पुन्हा यादीशीच.

शिनाया. हे सरांचं काम आहे, तरी वजन आदल्या आठवड्यात करून घ्या. मोठ्या पुरुषांसाठी लांबी जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर आणि वजन कमीत कमी 510 ग्रॅम, बायकांसाठी 440 ग्रॅम. आठवी-नववीच्या वयाला 114 सेंटिमीटरच्या आत, मुलांना 440 आणि मुलींना 400 ग्रॅम. वजन करताना त्सुबा, म्हणजे मुठीवरची चकती, काढायची, ती धरून वजन केलं तर तपासणीत फसाल. उन्हाळ्यात बांबू वाळतो आणि दहा-वीस ग्रॅम कधी उतरले ते कळतही नाही. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो, दुकानदार ओळखीचाच असतो. नाकायुईची चामडी पट्टी टोकापासून साधारण पाव अंतरावर घट्ट बसलेली हवी. बांबूच्या चारही पट्ट्यांवरून पालथा हात फिरवा. कुसळ लागलं की ती शिनाई बाजूला ठेवा, ‘आजच्यापुरती चालेल’ हे ऐकूनच घेऊ नका. ते कुसळ मेनच्या जाळीतून आत गेलं तर डोळा जातो. दरडोई एक जादा शिनाई आणि दोऱ्यांचा एक जादा जोड. तेनुगुई (मेनखाली डोक्याला बांधायचं फडकं), पाणी, आधारकार्ड, डबा, हे सांगायला नको.

आता वही. मोबाईल नको, वहीच. मोबाईल फोटोसाठी लागतो आणि दुपारी दोनला त्याची बॅटरी संपते. दोन मैदानांवर एकाच वेळी लढती चालतात, तेव्हा लिहिणारे दोघे हवेत. तिसरा कुणी मिळाला तर आणखी चांगलं. प्रत्येक लढतीला एक ओळ: मैदान क्रमांक, वेळ, लाल की पांढरा, यादीतलं पूर्ण नाव, समोरच्याचं नाव आणि त्याचं गाव. गुणाला म (मेन, डोकं), को (कोते, मनगट), दो (अंग), त्सु (त्सुकी, गळा) अशी अक्षरं, पहिला गुण घेणाऱ्याच्या अक्षराभोवती गोल. चुकीला त्रिकोण, दोन त्रिकोण झाले की समोरच्याला एक गुण. वेळ संपताना एकच गुण पुढे असला तरी जिंकला, तेही लिहा, नाहीतर नंतर ‘दोन-शून्य’ असं मनानेच लिहिलं जातं. ओळ लढत संपताक्षणी लिहायची. पुढची लढत सुरू झाली तर होऊ द्या, आधी ओळ पुरी करा. मेन उतरवल्यावर मुलाचा चेहरा बघा, नाव विचारा, मग ओळीपुढे बरोबरची खूण. ही खूण मागच्या वेळी मी केली नाही. एवढी एक खूण केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत आयोजकांच्या टेबलाशी जाऊन अधिकृत तक्त्याचा फोटो मागून घ्या. लढती चालू असताना तिथे जाऊ नका.

पालकांना आधीच सांगून ठेवा, विशेषतः कुस्तीच्या फडात वाढलेल्यांना: इथे आरोळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, फक्त टाळ्या. आणि मुलांना सांगा, गुण मिळाल्यावर मूठ उगारून नाचलं तर पंच तो गुण काढून घेतात. फटक्यानंतरही सावध उभं राहणं हा त्या फटक्याचाच भाग आहे. बसमध्ये एकदा सांगितलेलं मुलं विसरतात, मैदानात उतरण्याआधी पुन्हा सांगा.

बातमी लिहिताना. बहुतेक स्पर्धांत तिसऱ्या क्रमांकाची लढत होत नाही, उपांत्य फेरीत हरलेले दोघेही तिसरे. तेव्हा ‘चौथा’ असं लिहू नका आणि दोघांपैकी एकालाही वगळू नका. सांघिक लढतीत पाचही जणांची नावं खेळण्याच्या क्रमाने द्या, हरलेल्यांचीसुद्धा. आधी कुणाचे किती विजय ते मोजतात, ते सारखे झाले तर गुण, तेही सारखे झाले तर एकेकाची निर्णायक लढत. यातलं कशावर ठरलं ते एका वाक्यात लिहा. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलांची नावंही यादीतून घेऊन द्या. घरचे त्या एका नावासाठी पेपर विकत घेतात.

फोटो मेन उतरवल्यावरचा. फोटोखाली ‘डावीकडून’ म्हणून नावं, यादी बघून.

मंडळाच्या बाकीच्या बातम्या त्यातच एका परिच्छेदात: कोण कोणत्या क्यूच्या, म्हणजे सुरुवातीच्या दर्जाच्या, परीक्षेला बसलं, कुणाला तेरा वर्षं पूर्ण होऊन शोदानला, म्हणजे पहिल्या दानच्या परीक्षेला, बसता येईल, कुणी लहान झालेलं बोगू (अंगावरचं कवच) धाकट्यांना दिलं, नवीन कोण आलं. रविवारच्या सरावाची वेळ बदलली असेल तर ती.

परतीच्या प्रवासात काही पाठवू नका. घरी या, झोपा. सकाळी वही आणि यादी शेजारी ठेवून एकेक नाव बोट लावून तपासा. मजकूर आधी पालकांच्या ग्रुपवर टाका, तासभर थांबा. दोन्ही जाधवांच्या घरी मात्र फोन करा, नाव वाचून दाखवा, ‘बरोबर’ म्हणाले की मगच पेपरला पाठवा.