गाव सुटलं तरी गावाशी कनेक्टेड कसं राहायचं, आमच्या वाईचं उदाहरण घेऊन

शिक्षण, नोकरी, लग्न, कशानेही असो, गावाबाहेर पडलेले आपण सगळे गावाची आठवण काढतो भरपूर. स्टेटसला घाटाचे फोटो टाकतो, गाववाला भेटला की तासभर गप्पा मारतो, पण नुसत्या आठवणीवर नातं फार वर्षं चालत नाही हो. माझं मत विचाराल तर गावातलं एखादं छोटंसं काम आपल्या नावावर पाहिजे. काम असलं की फोन होतात, फोन झाले की जाणं होतं, जाणं झालं की नवीन पिढीतली माणसं पण ओळखायला लागतात. माझं माहेर वाई, त्यामुळे उदाहरणं वाईची देतेय, तुम्ही आपापलं गाव घालून वाचा.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. दिवाळीच्या आसपास नवीन कॅलेंडर घरात आलं की त्याच दिवशी गावच्या तिथ्या बघून पेनाने गोल करायचे आणि ऑफिसच्या रजेचं प्लॅनिंग त्यावरून करायचं, कारण जत्रा तिथीवर असते आणि आपलं सगळं आयुष्य तारखेवर चालतं, तिथेच चुकामूक होते. वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे उंच खांबाचा मोठा लाकडी गाडा, त्याची जत्रा रंगपंचमीला असते, म्हणजे होळीनंतर पाचव्या दिवशी, हे लक्षात ठेवायला सोपंय. पण ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याने होळी पौर्णिमेपासून लक्ष ठेवावं, त्या दिवशी देवाला कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा नवसाचा माणूस, ठरतो, मग रंगपंचमीला कृष्णेकाठच्या सोनेश्वरपासून बावधनपर्यंत बैलं जुंपून ते बगाड ओढत नेतात. कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव मात्र एका दिवसाचा नाहीच. हिवाळा संपत आला की सुरू होतो आणि एकेका घाटावर पुढे सरकत जातो, भीमकुंड, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, ज्या त्या आळीची आपली कृष्णाबाई. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी शेंडे घराण्यातल्यांनी केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं परंपरेने सांगतात. आपल्या आळीचा उत्सव कधी ते आधी विचारून ठेवा आणि पाहुणे म्हणून जाऊ नका, आदल्या दिवशी जाऊन भाजी चिरायला, पंगतीत वाढायला उभे राहा. वाढपी म्हणून तासभर फिरलात तर आळीतली निम्मी माणसं भेटतात, नुसतं दर्शन घेऊन आलात तर दोन-चार.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हाताऱ्या माणसांशी बोलणं आणि ते रेकॉर्ड करणं. हे पुढच्या सुट्टीवर ढकलायचं नाही. महागडा माइक वगैरे काही लागत नाही, मोबाइलमधला रेकॉर्डर बास आहे, फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा आणि सुरुवातीला आपल्याच आवाजात तारीख, गाव आणि समोरच्या माणसाचं नाव बोला. रेकॉर्ड करतोय हे त्यांना सांगून, विचारूनच करायचं, लपवून अजिबात नाही.

आणि प्रश्न कसा विचारता यावर सगळं असतं बघा. "आजी, तुमच्या वेळचं सांगा ना" म्हटलं की आजी म्हणते "काय सांगू बाई, सगळं बदललं" आणि विषय संपतो. त्यापेक्षा "आत्या, पूर आला तेव्हा पाणी नेमकं कुठपर्यंत चढलं होतं गं, आपल्या पायरीला लागलं होतं का?" असं विचारा, मग बघा कशी बोलायला लागते, कोणाच्या घरात पाणी शिरलं, कोणी कोणाला वर आणलं, गुरं कुठे बांधली, सगळं निघतं. पुराचा विषय वाईला तर हवाच. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं, तेच मुळी नदीच्या पात्रालगत, आणि मागची भिंत माशासारखी निमुळती काढली, म्हणजे पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जावं. हे सगळ्या गाइडना पाठ असतं, पण अमुक साली पाणी कितव्या पायरीवर होतं हे त्या आळीत राहिलेल्या बाईलाच माहीत असतं आणि तेच कुठे लिहिलेलं नसतं.

अजून विषय म्हणजे बाजार कुठे भरायचा, हळद कशी शिजवायचे आणि वाळवायचे, लग्नाची वरात कुठल्या रस्त्याने जायची, विहिरी किती होत्या आणि कुठल्या बुजवल्या. धोम धरणाच्या वरच्या अंगाला ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांच्या घरात म्हातारं माणूस असेल तर आधी तिकडे जा. तिथे जाऊन बघण्यासारखं काही उरलेलं नाहीये, घरं, देवळं, पारावरची झाडं जे काही आहे ते त्यांच्या बोलण्यातच आहे. त्यांना कागदावर गावाचा नकाशा काढायला सांगा, कोणाचं घर कुठे, आड कुठे, आणि बोलता बोलता काढू द्या, घाई करू नका. घरी आलात की फाइलला साल, महिना, नाव, विषय असं नाव द्या, एक कॉपी त्यांच्या मुलानातवंडांना पाठवा, एक पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं म्हणजे जपलं असं समजू नका, फोन बदलला की गेलं.

मग येतात जुने कागद. वाड्याच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात मोडीतली कागदं असतात आणि वाटण्या होताना किंवा वाडा पाडताना ती सरळ रद्दीत जातात, हे बघून जीव तुटतो. मेणवलीचं बघा ना, नाना फडणवीसांच्या वाड्यातलं दप्तर दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी मिळवलं आणि त्यांचा संग्रह पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये आला म्हणून आज अभ्यासकांना ते बघता येतं. तुमच्या घरातलं कागद नानांचं नसेल, साधं कर्जाचं, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं, देवळाच्या खर्चाचं असेल, तरी गावासाठी ते सोन्याचं आहे. घडी जबरदस्ती उलगडायची नाही, सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर कधीच नाही. खिडकीजवळच्या उजेडात सपाट ठेवून फ्लॅश न मारता दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कागद कोरड्या जागी सुती कापडात बांधून ठेवा. जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावं मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. मोडी वाचता येत नसेल तर शिकायची, अवघड वाटते तेवढी नाहीये, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात, ऑनलाइन पण शिकवणारे आहेत, आणि घरातलंच पत्र वाचायचं असलं की माणूस पटकन शिकतो. जमिनीचे जुने फेरफार आता शासनाच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेले मिळतात, त्यात खापरपणज्यांची नावं, शेतांची नावं सापडतात. सातारा जिल्ह्याचं 1885 चं इंग्रजी गॅझेटियर पण नेटवर फुकट आहे, त्यात वाई, धोम, मेणवली सगळं आहे, मात्र ते इंग्रज साहेबाच्या नजरेतून लिहिलंय हे डोक्यात ठेवून वाचा.

लांब राहणाऱ्यांना, म्हणजे अगदी परदेशात असाल तरी जमेल असं काम म्हणजे गाव इंटरनेटवर नीट आणणं. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या आळ्यांची, घाटांची, ओढ्यांची नावं भरा, मराठीत भरा, कारण मोठ्या मॅपवर हॉटेलांची नावं असतात आणि आळीचं नाव नसतं. विकिमीडिया कॉमन्सवर स्वतः काढलेले फोटो तारीख आणि जागेच्या माहितीसकट चढवा, ते मराठी विकिपीडियावर कोणालाही वापरता येतात. लेख लिहिताना ऐकीव गोष्ट आणि पुरावा असलेली गोष्ट वेगळी ठेवा, हे फार महत्त्वाचं. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जिथे बसून ते उभं केलं, प्राज्ञपाठशाळेत जिथे विनोबा शिकायला आले, त्या गावच्या लोकांनी तरी फॉरवर्ड आलेलं न तपासता पुढे ढकलू नये असं मला मनापासून वाटतं. विश्वकोश आता नेटवर पूर्ण वाचता येतो, आपल्या तालुक्याच्या नोंदीपासून सुरुवात करा.

आता थोडं पैशाचं. देवळासाठी वर्गणी मागितली की बाहेरगावचे लोक मोकळ्या हाताने देतात, चांगलंय, पण देताना एक प्रश्न नक्की विचारा, काम काय करणार आहात? दगडी देवळाला ऑइल पेंट, गाभाऱ्यात टाइल्स, जुन्या चुन्याच्या दरजांमध्ये सिमेंट, हे सगळं भक्तीनेच होतं पण दगडाचं नुकसान करतं. आतला ओलावा बाहेर निघत नाही, मग दगडाचे पापुद्रे सुटतात, कोरीवकाम झिजतं. गावातल्या मंडळींशी भांडू नका, ते बारा महिने तिथे दिवाबत्ती करतात, आपण वर्षातून दोनदा येतो. त्यापेक्षा चुन्याचं काम येणारा कारागीर शोधून द्या, त्याच्या मजुरीचे पैसे आपण भरतो म्हणा, पुरातत्त्व विभागाकडे पत्र टाकून सल्ला घेऊन द्या. असं काम हातात घेतलेल्या माणसाचं गाव ऐकतं. वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीच्या कोरीव दगडांचं पण तसंच, आमच्या तालुक्यात किकलीला किती तरी वीरगळ आहेत, तुमच्या गावात एखादा ओढ्याकाठी आडवा पडलेला असेल तर उचलून बंगल्याच्या बागेत नेऊ नका, आहे तिथला फोटो काढा, जागा नोंदवा, मग गावकऱ्यांना सांगून सगळ्यांच्या समोर नीट उभा करा.

गावच्या वाचनालयाची वर्गणी भरत राहा, पुस्तक आणायला जमत नसलं तरी. हळद, तांदूळ, गूळ जे काही वर्षाचं भरता ते गावच्या ओळखीच्या घरातून मागवा, त्या निमित्ताने पीकपाण्याची खबर लागते.

मुलांना न्यायचं असेल तर एका दिवसात दहा देवळं करू नका, कंटाळतात. एकच जागा आणि एकच गोष्ट. मेणवलीच्या घाटावर न्या आणि तिथली मोठी घंटा दाखवा, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्यानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे ती, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे, आणि ती लटकतेय कृष्णेकाठी महादेवाच्या देवळाजवळ. लगेच सांगून टाकू नका, आधी मुलांनाच शोधू द्या की घंटेवर काय दिसतंय, मग ती इथे कशी आली असेल विचारा. दुसऱ्या वेळी धोमला न्या, महादेवाच्या देवळासमोर कमळासारख्या कुंडात कासवावर बसलेला नंदी आहे तो बघायला. सकाळी लवकर निघा, पुण्याहून सुरूर फाट्याने आत वळलात की नऊच्या आत घाटावर पोचता, नंतर ऊन आणि शूटिंगवाले दोन्ही सुरू होतात. आणि जाताना गावातल्या एखाद्या भावंडाच्या मुलांना गाडीत बरोबर घ्या, म्हणजे पुढच्या वेळी आपली मुलंच विचारतील वाईला कधी जायचं.