वेब सर्व्हर कर्नलमध्ये की बाहेर? घरच्या मशीनवरच तपासून पाहा

2027 च्या सिंहस्थासाठी नाशकातल्या होमस्टेवाल्यांपासून ट्रॅव्हल्सवाल्यांपर्यंत सगळे वेबसाइटच्या मागे लागलेत. त्यात कोणीतरी हमखास सांगतं, "सर्व्हर थेट कर्नलमध्ये चालव, सुसाट पळेल." सर्व्हर म्हणजे इथे वेबसाइटची पानं पाठवणारा प्रोग्राम, आणि कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यात तथ्य आहे, पण ते पंचवीस वर्षांपूर्वीचं.

आधी हिशेब करा. तुमच्या लाइनचा अपलोड 100 एमबीपीएस असेल, तर सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट बाहेर जाणार. एवढं काम जुना डेस्कटॉपही सहज करतो. साइट रखडतेय ती बहुतेक वेळा जड फोटोंमुळे नाहीतर डेटाबेसमुळे, आणि त्यावर कर्नल काय करणार?

आता मूळ भानगड. साधा सर्व्हर यूजर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर इतर प्रोग्रामसारखा चालतो. फाइल वाचायची किंवा नेटवर्कवर पाठवायची तर त्याला प्रत्येक वेळी कर्नलला सांगावं लागतं. फाइल कर्नलच्या मेमरीतून प्रोग्रामकडे येते आणि पाठवताना पुन्हा कर्नलकडे जाते. हा हेलपाटा वाचवायला लिनक्स 2.4 मध्ये, म्हणजे 2001 च्या सुमारास, के-एचटीटीपीडी हा कर्नलमध्येच चालणारा वेब सर्व्हर आला. रेड हॅट कंपनीचा टक्स हा तसाच सर्व्हरही त्याच काळातला. के-एचटीटीपीडी फक्त तयार फाइली द्यायचा, बाकीचं काम बाहेरच्या सर्व्हरकडे ढकलायचा. 2.6 मध्ये तो काढूनच टाकला, कारण तोवर सेंडफाईल (फाइल कर्नलकडूनच परस्पर पाठवून घेणं) आणि ईपोल (अनेक कनेक्शनवर एकदम लक्ष ठेवणं) या सोयींनी बराचसा वेग बाहेर बसूनच मिळू लागला होता.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर उबुंटू लिनक्सवर एन्जिनएक्स हा यूजर स्पेसमधला वेब सर्व्हर इन्स्टॉल करा. पीएस कमांडने प्रोसेस पाहिल्या की देखरेख करणारा मास्टर रूट या सर्वाधिकारी यूजरच्या नावाने दिसेल, प्रत्यक्ष पानं पाठवणारे वर्कर मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या बिनअधिकाराच्या यूजरच्या नावाने. वेबच्या फोल्डरमध्ये मोठा फोटो टाका, सुडो लावून (म्हणजे रूटच्या अधिकाराने) एस-ट्रेस, म्हणजे प्रोग्राम कर्नलला काय काय सांगतो ते दाखवणारी कमांड, वर्करच्या प्रोसेस नंबरवर जोडा (वर्कर अनेक असतील तर सगळ्यांवर) आणि दुसऱ्या टर्मिनलमधून कर्ल या डाउनलोडच्या कमांडने तो फोटो मागवा. साधं एचटीटीपीच वापरा. एचटीटीपीएसमध्ये एन्क्रिप्शन सहसा प्रोग्रामच करतो, त्यामुळे खेळ बदलतो.

पडद्यावर ईपोल-वेट, ॲक्सेप्ट, मग सेंडफाईल अशा ओळी सरकतील. सेंडफाईल म्हणजे "ही फाइल त्या कनेक्शनवर तूच पाठव" एवढा निरोप. फोटोचा मजकूर प्रोग्रामच्या हाती येतच नाही. आता सेटिंगमध्ये सेंडफाईल ऑफ करून रीलोड करा. वर्कर बदलतात, म्हणून नव्या नंबरवर एस-ट्रेस जोडा. यावेळी पी-रीड आणि राइट-व्ही यांची जोडगोळी दिसेल, 32768 बाइटचे तुकडे वाचत आणि लिहीत. मगाशी म्हटलं तो हेलपाटा हाच. पाहून झालं की सेटिंग परत ऑन करा. चालू साइटवर मात्र एस-ट्रेस लावू नका, सर्व्हर मंदावतो.

यापुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. वर्करला किल मायनस नाइन द्या, म्हणजे तो जबरदस्तीने बंद पाडा. एरर लॉगमध्ये तो सिग्नल 9 ने गेल्याची नोंद पडते, मास्टर लगेच नवा वर्कर उभा करतो आणि साइट चालू राहते. कर्नलमधला सर्व्हर एखाद्या चुकीमुळे असा कोसळला तर अख्खं मशीन बसू शकतं.

ही नुसती भीती नाही. विंडोजमध्ये सर्व्हर 2003 पासून एचटीटीपी-डॉट-सिस हा भाग कर्नलमध्ये बसून रिक्वेस्ट घेतो. एप्रिल 2015 मध्ये त्यातली एमएस15-034 ही त्रुटी बाहेर आली. रेंज हेडरमध्ये (फाइलचा कोणता भाग हवा ते सांगणाऱ्या ओळीत) वेडावाकडा आकडा घातलेली एक रिक्वेस्ट मशीन पाडायला पुरत होती. पॅच (दुरुस्तीचा अपडेट) लावता येत नसेल तर कर्नल कॅशिंग, म्हणजे पानांच्या प्रती कर्नलमध्येच साठवणं, बंद करा, असा तेव्हाचा तात्पुरता उपाय होता.

तुमच्या ऑफिसात आयआयएस, म्हणजे विंडोजचा वेब सर्व्हर असेल तर एचटीटीपी-डॉट-सिस हा भाग तुम्ही आधीच वापरताय. तिथे निवड करायला काही उरत नाही. विंडोजचे अपडेट वेळेवर टाका आणि लिनक्सची हौस जुन्या डेस्कटॉपवर भागवा.