मारी ड्रेसलर यांची कारकीर्द एका संध्याकाळी कशी दाखवावी

खान्देशातील एखाद्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात जुन्या हॉलिवुडमधील चरित्र अभिनेत्रीचा परिचय करून द्यायचा असेल, तर भाषणाऐवजी तिची कामेच दाखवावीत. त्यासाठी मारी ड्रेसलर (1868–1934) यांची निवड मला सर्वांत योग्य वाटते, कारण रंगभूमी, मूकपट आणि बोलपट या तिन्ही ठिकाणी त्यांनी नाव कमावले.

सुरुवात 1914 च्या ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ने करावी. मॅक सेनेट यांच्या या मूकपटात चार्ली चॅप्लिन शहरी भामटा आहे आणि त्याच्या गोड बोलण्याला भुलून, बापाचे पैसे घेऊन घर सोडणारी शेतकऱ्याची मुलगी म्हणजे पंचेचाळिशीतल्या ड्रेसलर. काटछाट केलेल्या प्रतीही फिरत असल्याने सव्वा तासाहून मोठी प्रत मिळवावी. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या एका निवेदकाने प्रेक्षकांच्या बोलीत मोठ्याने सांगाव्यात: धुळे–अमळनेरकडे अहिराणीत, यावल–रावेरकडे लेवा गणबोलीत. पाटी संपताच मात्र त्याने थांबावे. विनोद ड्रेसलर यांच्या धिप्पाड देहाच्या हालचालींत आहे आणि निवेदकाने पदरची भर घातली, की प्रेक्षकांचे लक्ष तिथून उडते.

मध्यंतरात पुढची हकीकत थोडक्यात सांगावी. 1919 च्या नटांच्या संपात त्या कोरसमधील मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या, पुढे कामे आटली आणि 1927 मध्ये पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन यांच्यामुळे त्या चित्रपटांत परतल्या.

त्यानंतर 1930 च्या ‘अ‍ॅना क्रिस्टी’मधील दारूच्या गुत्त्यातला प्रसंग दोनदा दाखवावा, आधी आवाज बंद ठेवून आणि मग आवाजासह. ग्रेटा गार्बो यांचा हा पहिला बोलपट, तरीही ड्रेसलर यांनी साकारलेल्या बंदरावरच्या दारुड्या मार्थीवरच नजर खिळते. ती का खिळते, हे प्रेक्षकांनाच विचारावे. मूकपटांपासून चरित्र भूमिकांपर्यंत आलेल्या ललिता पवारांचा उल्लेख इथे हमखास होईल. तो होऊ द्यावा, पण चर्चा पुन्हा पडद्यावरच्या प्रसंगाकडे आणावी. त्याच वर्षीच्या ‘मिन अँड बिल’साठी ड्रेसलर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, हे या चर्चेनंतर सांगावे, आधी सांगितल्यास प्रेक्षक पुरस्काराच्या दबावाखाली मत देतात.

वेळ उरल्यास ‘डिनर अ‍ॅट एट’ (1933) चा अगदी शेवट दाखवावा. जीन हार्लो पुस्तक वाचल्याचे सांगते आणि ड्रेसलर चालता चालता अशा थबकतात, की 1914 मधली टिली लगेच ओळखू येते.